पाणी कुठून येतंय? ३८ वर्षांच्या शिडाच्या बोटीच्या खरेदीचं एक प्रकरण

२०२३ च्या सप्टेंबरात मित्राचा फोन आला. "बोट सापडली. साडेअकरा हजार डॉलर सांगतोय. शनिवारी येतोस?"

मित्राचं लहानपण हर्णैला गेलं, नोकरी बाल्टिमोरला. तीन उन्हाळे दुसऱ्यांच्या बोटींवर दोऱ्या ओढून झाल्या होत्या आणि आता स्वतःची बोट घ्यायचीच हे डोक्यात पक्कं बसलं होतं. खिशात सगळे मिळून पंधरा हजार डॉलर, एक छदाम जास्त नाही. माझ्याकडे एक जुनी बोट आहे. ती घेताना मी केलेल्या चुकांमुळे मित्रमंडळींत माझी जाणकार म्हणून ख्याती झाली आहे. म्हणून बोलावणं.

बोट कॅटालिना ३० जातीची. फ्रँक बटलर यांच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं १९७६ ते २००८ या काळात अशा सहा हजारांहून जास्त बोटी बांधल्या. लांबी ३० फुटांना जेमतेम एक इंच कमी, रुंदी जवळजवळ अकरा फूट, वजन साडेचार टनांच्या आसपास. त्यातलं १९०० किलो निव्वळ कीलमध्ये, म्हणजे पोटाखाली बोल्टनं अडकवलेल्या शिशाच्या जाड पात्यात. शर्यतीतल्या लोकांना ही बोट म्हणजे तरंगती ओसरी वाटते. पण जुनं काही घ्यायचं असेल तर ते गर्दीतलं घ्यावं असं माझं मत आहे. आपल्या बोटीला जो आजार होईल तो आधी शंभर जणांना होऊन गेलेला असतो, औषध ठाऊक असतं आणि सुटे भागही मिळतात. एकुलत्या एक सुंदर लाकडी बोटीच्या प्रेमात पडलेली माणसं मी पाहिली आहेत. ती अजून वर्कशॉपमध्येच आहेत.

सातबाऱ्यावर आजोबा

विकणारा गृहस्थ पन्नाशीचा, बोलायला गोड. जाहिरातीत १९८६ ची बोट लिहिलेलं. मित्रानं मागच्या बाजूला कोरलेला नंबर पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, हा फसवतोय. ८५ ची आहे."

अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून प्रत्येक बोटीच्या पाठीवर बारा अक्षरी ओळख नंबर असतो, वरच्या अंगाला उजवीकडे. या नंबराच्या शेवटी होतं एच-५-८६. ऑगस्ट १९८४ नंतरच्या पद्धतीत अक्षर म्हणजे बांधणीचा महिना, ए म्हणजे जानेवारी. त्यापुढचा आकडा बांधणीच्या वर्षाचा आणि शेवटचे दोन मॉडेलच्या वर्षाचे. म्हणजे ऑगस्ट १९८५ मध्ये बांधलेली, १९८६ चं मॉडेल. फसवणूक नव्हती. १९८४ च्या आधीच्या बोटींत मात्र सांभाळावं लागतं, कारण तेव्हाच्या एका पद्धतीत ए म्हणजे ऑगस्ट होता.

खरी गोम कागदात निघाली. मालकीच्या दाखल्यावर नाव होतं या गृहस्थाच्या वडिलांचं, आणि वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. आपल्याकडे सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच असतं आणि नातू जमीन विकायला निघतो, त्यातलाच प्रकार. माणूस प्रामाणिक होता, त्याला वाटलं चावी आपल्याकडे आहे म्हणजे बोट आपली. एक बहीणही होती. मालमत्तेचा कारभार याच्याकडे आहे असं सांगणारा कोर्टाचा कागद येईपर्यंत एक डॉलरही द्यायचा नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. बोटीवर कुणाचं कर्ज आहे का, हेही त्याच फेरीत तपासून घेतलं. बोट राज्याऐवजी कोस्ट गार्डकडे नोंदलेली असेल तर तिथून मालकी आणि बोज्यांचा उतारा मागवता येतो. ही राज्याकडे होती.

गरम इंजिन

पहिल्या भेटीत गृहस्थानं किल्ली फिरवली आणि इंजिन फुर्रकन सुरू झालं. मित्राचा चेहरा उजळला. मी जिन्याखालची फळी काढून इंजिनावर हात ठेवला. चांगलं कोमट. आम्ही येण्याआधी चालवून ठेवलेलं होतं. यात लबाडीच असेल असं नाही, पाहुणे येणार म्हणून माणूस घर झाडून ठेवतोच. पण डिझेल इंजिनाचा खरा स्वभाव ते गार असताना कळतो. पुढच्या वेळी हात लावू नका, अशी विनंती करून आम्ही परतलो.

त्याआधी तासभर मी एकट्यानं बोटीत घालवला आणि तो तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही उघडलं नाही. नुसता बसलो, वास घेतला. बंद बोटीला डिझेलचा, ओल्या गाद्यांचा, संडासाच्या जुन्या होजचा वास येतोच. त्याखाली एक वेगळा वास होता, ओल्या पालापाचोळ्यासारखा, कुजक्या लाकडाचा. डाव्या बाकाची पाठउशी काढली. मागे सागाचं पातळ अस्तर लावलेली प्लायवुडची भिंत, आणि तिच्यावर वरून खाली उतरलेला काळपट ओघळ, हाताच्या पंजाएवढा रुंद. टॉर्च वर मारला. ओघळ सुरू होत होता चेनप्लेटपाशी.

चेनप्लेट म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा बोटीला जिथे अडकतात ती स्टेनलेसची पट्टी. ती डेकमधून खाली उतरते आणि आतल्या भिंतीला बोल्टनं जखडलेली असते. डेकमधल्या त्या फटीत सीलंट भरलेलं असतं. सीलंट दहा-बारा वर्षांत कडक होतं, तार प्रत्येक झुळकीला पट्टी हलवते, केसभर फट पडते. मग पाऊस आत येतो. समुद्राचं पाणी बोट बुडवतं म्हणून माणसं खालून भितात. जुनी बोट कुजते ती बहुतेक वेळा वरून, पावसाच्या गोड्या पाण्यानं.

सर्वेअर बाई

मित्रानं साडेनऊ हजारांवर बोलणी केली, दहा टक्के अनामत ठेवली आणि करारात अट घातली, 'सर्व्हे (म्हणजे जाणकाराकडून बोटीची तपासणी) आणि पाण्यावरची चाचणी समाधानकारक असेल तरच.' ही अट नसेल तर सर्व्हे म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका पाहण्यासारखं.

अमेरिकेत बोटींच्या सर्वेअरला सरकारी परवाना लागत नाही, उद्या मीही पाटी लावू शकतो. म्हणून सॅम्स किंवा नॅम्स या संघटनांच्या सदस्यांपैकी कुणीतरी घ्यावं, आणि विकणाऱ्यानं किंवा दलालानं सुचवलेलं शक्यतो घेऊ नये. आम्हाला मिळाल्या त्या सत्तरीकडे झुकलेल्या बाई. फुटाला पंचवीस डॉलर दरानं ७५० झाले, बोट क्रेनच्या पट्ट्यांत उचलून धुवायचे ३८० वेगळे. मित्र कुरकुरला. पण इतक्या जुन्या बोटीला विमा कंपन्या सर्व्हेशिवाय सहसा दारात उभं करत नाहीत, त्यामुळे हा खर्च तसाही टळत नाही.

बोट पट्ट्यांत लटकत असतानाच बाई खाली शिरल्या. कील आणि बोटीचं पोट जिथे मिळतं तिथे पुढच्या टोकाला एक आडवी चीर होती. या जातीच्या बोटींत ती इतकी नेहमीची की तिला 'कॅटालिना स्माइल' असं नावच पडलं आहे. ती पाहून मित्राचा घसा कोरडा पडला. बाईंनी चिरेत नख घातलं, मग बोट हळूच लाकडी ठोकळ्यांवर टेकवायला सांगितली आणि पुन्हा पाहिलं. कील लटकत असताना चीर उघडते आणि बोट कीलवर टेकली की मिटते, असं असेल तर सांधा ढिला आहे. ही जराही हलली नाही. आत जाऊन त्यांनी फरशीखालच्या खोलगट भागातले बोल्ट घासून पाहिले. वर गंजाचा पापुद्रा, आत धातू भरीव, आजूबाजूचं फायबर सुकं. "रंग आणि पुट्टीचं हसू आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी गृहस्थाला विचारलं, ही कधी जमिनीला टेकली होती का? तो म्हणाला, हो, किती वेळा कोण मोजणार. हे उत्तर बाईंना आवडलं. चेसापीक उपसागराची सरासरी खोली जेमतेम २१ फूट आणि तळाला बहुतेक ठिकाणी चिखल नाही तर वाळू. इथे 'कधीच नाही' म्हणणारा एकतर खोटं बोलतोय नाहीतर त्यानं बोट धक्क्यावरून सोडलेलीच नाही. चिखलात रुतणं आणि खडकावर आदळणं यात मात्र फार अंतर आहे. २०१४ च्या मे महिन्यात चीकी राफिकी ही ४० फुटी बोट अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला येताना अटलांटिकमध्ये कील तुटून उलटली आणि चौघेही गेले. पूर्वी जमिनीला टेकण्याचे प्रसंग आणि नंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामानं कीलजवळची बांधणी कमजोर झाली असावी, असं ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनं म्हटलं. ती बोट २००६ ची होती, म्हणजे फार जुनीसुद्धा नाही.

पोटाच्या फायबरवर चार-दोन फोड होते. त्याला बाईंनी अर्धा मिनिट दिला आणि आम्हीही तेवढाच द्यावा.

डेकवर मात्र त्या दीड तास होत्या. हातात छोटी प्लास्टिकची हातोडी, गुडघ्यावर बसून एकेक इंच टक-टक-टक. फायबरच्या दोन थरांमध्ये लाकडाचा गाभा असतो, तो कोरडा आणि चिकटलेला असेल तर आवाज खणखणीत येतो, पाणी शिरलं असेल तर बद्द. माठ घेताना आपली आई टिचकी मारायची, तसंच. मित्र म्हणाला, हर्णैला पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांवर त्याचे मामा असेच फळ्या ठोकत फिरायचे. डाव्या चेनप्लेटभोवती आवाज बदलला. बाईंनी खडूनं रेघ मारली. रेघा मारून झाल्यावर डेकवर साधारण ताटाएवढा एक वेडावाकडा आकार उमटला. ओलावा मोजण्याच्या यंत्राचा काटा तिथे टोकाला जाऊन थांबला. आतल्या भिंतीत त्यांनी दाभण टोचला, तो मुठीपर्यंत गेला.

बाकीचं भराभर सांगतो. डोलकाठीच्या तारांबद्दल गृहस्थ म्हणाला "बाबांनी बदलल्या होत्या", कधी ते आठवेना, पावती नाही. पावती नाही म्हणजे बदलल्या नाहीत, असं धरून चालावं. दहा-बारा वर्षांनंतर तारा बदलाव्यात असा सर्वसाधारण रिवाज आहे आणि विमावालेही हेच विचारतात. एका तारेच्या टोकाला, जिथे ती नळीत दाबून बसवलेली असते, बाईंना भिंगाखाली उभी चीर दिसली. स्टेनलेस गंजत नाही हा गोड गैरसमज आहे. ओल असेल पण हवा पोचत नसेल अशा जागी तेही आतून खाल्लं जातं. पोटातून पाणी आत-बाहेर नेणाऱ्या व्हॉल्व्हपैकी दोन फिरतच नव्हते, एकाचा धातू खरवडल्यावर गुलाबी निघाला. पितळेतलं जस्त समुद्राच्या पाण्यात निघून जातं आणि मागे उरतं ते गुलाबी, ठिसूळ तांबं. असा व्हॉल्व्ह कधीतरी हातात येतो, आणि तो हातात येतो तेव्हा बोटीत भोक असतं. वायरिंगमध्ये घरात वापरतात तसे पिळून बसवायचे प्लास्टिकचे कॅप, बॅटरीच्या मुख्य वायरला फ्यूज नाही. शिडं मऊ पडलेली, पण दोन वर्षं चालतील.

पाण्यावरच्या चाचणीला इंजिन या वेळी थंडगार होतं. युनिव्हर्सल एम-२५, कुबोटाच्या ट्रॅक्टरच्या ठोकळ्यावर बांधलेलं, तीन सिलिंडर, २१ हॉर्सपॉवर. ग्लो प्लग, म्हणजे गार डिझेल इंजिन पेटावं म्हणून आत बसवलेल्या तापवायच्या कांड्या, वीस सेकंद तापवल्यावर सुरू झालं, पांढरा धूर मिनिटभरात विरला. निळा धूर टिकला असता तर तेल जळतंय, काळा टिकला असता तर इंजिनाला झेपत नाही किंवा हवा कमी पडतेय. धक्क्यावर सगळं छान. बाईंनी खाडीच्या तोंडाशी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलायला लावला आणि घड्याळ पाहत उभ्या राहिल्या. अठराव्या मिनिटाला तापमानाचा काटा चढायला लागला. बऱ्याच चाचण्या पाच मिनिटांत संपतात. आमची पाच मिनिटांत संपली असती तर हे कळलंच नसतं.

आकडेमोड

अहवाल बत्तीस पानांचा आला, छायाचित्रांसकट. मी बोट दुरुस्तीच्या यार्डमधून दर काढले. तारा आणि त्यासाठी डोलकाठी उतरवणं-चढवणं साडेचार हजार, भिंत आणि डेक अडतीसशे, व्हॉल्व्ह, वायरिंग आणि इंजिन मिळून चौदाशे. एकूण ९७००, म्हणजे बोट फुकट मिळाली तरी बजेटचा दोन-तृतीयांश भाग दुरुस्तीतच.

मी सांगितलं, सोड. चांगली बोट आहे, पण तुझी नाही.

मित्राचं म्हणणं वेगळं. अडतीसशेमध्ये लाकूड आणि रेझिन किती? हजारभराचं. बाकी मजुरी. "माझे मामा हेच करतात. मला पाच शनिवार-रविवार दे." मला हे पटलं नाही, कारण पाच शनिवार-रविवार म्हणणारा प्रत्येक माणूस मला दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली भेटला आहे. पण त्याचा एक मुद्दा मला खोडता आला नाही. या बोटीतले सगळे दोष एकाच निष्काळजीपणाची पिल्लं होती: म्हातारा माणूस शेवटची काही वर्षं आजारी, सीलंट कुणी बदललं नाही. कील, पोट, इंजिनाचा ठोकळा, म्हणजे ज्या गोष्टींवर घरगुती इलाज चालत नाही, त्या सगळ्या शाबूत होत्या.

त्यानं अहवाल गृहस्थासमोर ठेवून पाच हजार सांगितले. गृहस्थ साडेआठवरून खाली येईना. मित्रानं मुदतीच्या आत करारातून अंग काढून घेतलं आणि अनामत परत घेतली. सर्व्हेचे अकराशे तीस मात्र गेले. त्या आठवड्यात त्याच्याशी बोलायची सोय नव्हती.

नोव्हेंबरच्या शेवटी गृहस्थाचाच फोन. यार्डचं हिवाळी भाडं अंगावर आलं होतं, बहीण विचारत होती, आणि कोर्टाचा कागद हातात पडला होता. ६२०० ला सौदा झाला. सर्व्हे दोन महिन्यांपूर्वीचा, विमावाल्यांनी तोच धरला, म्हणून ते पैसे पुरते वाया गेले नाहीत. मेरीलँडचा पाच टक्के कर ३१० डॉलर.

पुढचा हिशेब मित्राच्या वहीतून. तारा आणि क्रेन ४४५०, त्यात त्यानं कंजूषी केली नाही. व्हॉल्व्ह आणि होज ६४०, गुलाबी व्हॉल्व्ह पान्याच्या पहिल्याच झटक्यात दोन तुकडे झाला. तापणाऱ्या इंजिनाचं कारण निघालं उष्णता काढून घेणाऱ्या नळकांड्यात साचलेले क्षार आणि जुन्या पंपाच्या पात्याचे तुटके रबर. साफसफाई आणि नवे भाग २९०. वायरिंग ५२०. डेक आणि भिंतीचं सामान ११५०. खरेदी, कर, सर्व्हे धरून १४,६९०. धक्क्याचं भाडं आणि विमा यात नाही, त्याबद्दल घरी बोलणं निघालं की तो विषय बदलतो.

पाच आठवड्यांचे अकरा झाले. डेक उघडल्यावर कुजलेला भाग खडूच्या रेघेच्या फक्त हाताच्या दोन बोटांएवढा बाहेर होता, बाईंच्या हातोडीचं कौतुक वाटलं. सगळ्या सहाही चेनप्लेट बाहेर काढून भिंगानं तपासल्या. फट आधी मोठी करून कडा इपॉक्सीनं बंद केल्या, म्हणजे पुन्हा गळलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचू नये, आणि मग सीलंट भरलं. ही पायरी लोक गाळतात.

एप्रिलमध्ये बोट पाण्यात उतरली. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री तो एकटाच आत झोपला. सहा चेनप्लेटखाली सहा टिश्यू पेपर चिकटपट्टीनं लावले आणि प्रत्येकावर पेनानं नंबर टाकला. पहाटे पाचला मला फोटो आले. पाच कोरडे. उजव्या बाजूच्या पुढच्या, चार नंबरच्या कागदाला कोपऱ्यात रुपयाएवढा ओला डाग.

"आता हे कुठून? हिला तर मी दोनदा सील केलं."

मी लिहिलं, चेनप्लेट सोड. तिच्या पुढच्या कठड्याच्या खांबाचे बोल्ट बघ. आतल्या छताला नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, मागे उतार आहे.

अर्ध्या तासानं उत्तर आलं. चारपैकी एक बोल्ट हातानं फिरत होता.